इतिहासाचे पदवी-अध्ययन, खानदेशातील

महाराष्ट्राच्या वायव्य भागातील जळगाव, धुळे व नंदुरबार ह्या जिल्ह्यांत कला शाखेच्या पदवीसाठी होणारे इतिहास ह्या विषयाचे अध्ययन व अध्यापन. ह्या प्रदेशात पाषाणयुगीन अवशेषांपासून विसाव्या शतकातील जनआंदोलनांपर्यंतची साधने विपुल आहेत आणि त्यांच्या शोधाची परंपराही जुनी आहे. तरीही पदवीचा अभ्यासक्रम व ही साधने ह्यांचा मेळ क्वचितच बसला. विद्यार्थी इतिहास शिकतो तो प्रायः पुणे, रायगड, दिल्ली व लंडन ह्यांचा. त्याच्या तालुक्यातील शिलालेख, दप्तर वा गढी परीक्षेच्या कक्षेबाहेर राहते. येथील पदवी-अध्ययनाचा विचार ह्या विसंगतीच्या संदर्भात करावा लागतो.

प्रशासकीय व शैक्षणिक पार्श्वभूमी : इ. स. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर धुळे हे खानदेश जिल्ह्याचे मुख्य ठाणे झाले. मालेगाव, बागलाण हे भाग १८६९ मध्ये नासिक जिल्ह्यात गेले. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्यांनाच १९६० नंतर अनुक्रमे जळगाव व धुळे ही नावे मिळाली. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. ही माहिती नुसती भौगोलिक नाही. एखाद्या गावचे एकोणिसाव्या शतकातील कागद कोणत्या कचेरीच्या नावाखाली शोधावयाचे, हे ह्या फेरबदलांवरून ठरते आणि प्रकल्पलेखन करणारा विद्यार्थी पहिल्यांदा अडतो तो येथेच.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले, तरी खानदेशातील विद्यार्थ्यास पदवीसाठी दीर्घकाळ पुणे वा मुंबई गाठावी लागे. १९४५ मध्ये जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय व अमळनेरचे प्रताप महाविद्यालय निघाले आणि उच्च शिक्षण जिल्ह्यात आले. अमळनेर येथे तत्पूर्वीच, १९१६ पासून, तत्त्वज्ञान मंदिराचे कार्य चालू होते, त्यामुळे तेथे विद्याव्यासंगाचे वातावरण होते. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर खानदेशातील महाविद्यालये त्याच्याशी संलग्न झाली. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना झाली. २०१८ मध्ये त्यास असोदे येथील कवयित्री ⇨बहिणाबाई चौधरी ह्यांचे नाव देण्यात आले. धुळे, शिरपूर, दोंडाईचे, शहादे, चाळीसगाव, भुसावळ इ. ठिकाणी महाविद्यालये निघत गेली, तसा शेतकरी, शेतमजूर व आदिवासी कुटुंबांतील मुलामुलींचा पदवीच्या वर्गांत प्रवेश झाला. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी होय.

अभ्यासक्रमाचे स्वरूप : तीन वर्षांच्या पदवीमध्ये इतिहास हा विषय सामान्य व विशेष अशा दोन स्तरांवर शिकविला जात असे. विषयपत्रिकांत शिवकाल व पेशवाई, प्राचीन व मध्ययुगीन भारत, आधुनिक भारत, आधुनिक जग आणि विशेष स्तरासाठी इतिहासलेखनशास्त्र ह्यांचा सामान्यतः समावेश होतो. पुढे वार्षिक परीक्षेच्या जागी सत्रपद्धती व श्रेयांकपद्धती आली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास (२०२०) अनुसरून महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून मुख्य व दुय्यम विषयांची नवी रचना सुरू झाली असून तीत चौथ्या वर्षाची सोय आहे.

पत्रिकांची नावे बदलली तरी अध्ययनाची रीत फारशी बदलली नाही. मराठी माध्यमामुळे पदवी ग्रामीण विद्यार्थ्याच्या आटोक्यात आली, हा मोठाच लाभ होय. परंतु मूळ संशोधनग्रंथ इंग्रजीत, साधने मोडी, फार्सी वा संस्कृतमध्ये आणि हाती मात्र प्रश्नोत्तरांची मार्गदर्शिका, अशी विद्यार्थ्याची स्थिती झाली. ‘कारणे व परिणाम’ क्रमांक घालून पाठ करणे म्हणजे इतिहास, असा समज ह्या मार्गदर्शिकांनी रूढ केला. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी इतिहास घेणाऱ्यांची संख्या वाढल्याने तो अधिकच दृढ झाला आहे. नोकरीची निकड असलेल्या विद्यार्थ्यास ह्याबद्दल दोष देता येत नाही; विचार करावयाचा तो परीक्षापद्धतीचा.

राजवाडे व धुळ्याची परंपरा : वास्तविक साधनांवर आधारलेल्या इतिहासाची मराठीतील सर्वांत आग्रही शिकवण धुळ्याशी निगडित आहे. इतिहासाचार्य ⇨विश्वनाथ काशीनाथ राजवाडे (१८६३–१९२६) ह्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने ह्या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. मालेचे एकूण बावीस खंड निघाले. १९१० मध्ये पुण्यास ⇨भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना करण्यात त्यांचा पुढाकार होता. आयुष्याच्या अखेरच्या काळात ते धुळ्यास राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच निवर्तले. त्यांच्यामागे राहिलेल्या कागदांच्या जतनासाठी १९२७ मध्ये धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. भास्कर वामन भट हे त्याच्या प्रमुख कार्यकर्त्यांपैकी होत. मंडळाने राजवाड्यांचे धातुकोशासारखे अप्रकाशित लेखन प्रसिद्ध केले, संशोधक हे नियतकालिक चालविले आणि हस्तलिखिते, ऐतिहासिक कागद, नाणी व शिल्पे ह्यांचा संग्रह केला. धुळ्यातच शंकर श्रीकृष्ण देव ह्यांच्या प्रयत्नांनी समर्थ वाग्देवता मंदिर उभे राहिले व रामदासी मठांतील शेकडो हस्तलिखिते तेथे एकत्र आली. पाठभेद म्हणजे काय, नकलाकाराच्या चुका कशा ओळखाव्या, हे प्रत्यक्ष पोथीवरून शिकण्याची सोय असलेली अशी ठिकाणे महाराष्ट्रात थोडीच आहेत.

राजवाडे स्वतः डेक्कन महाविद्यालयाचे पदवीधर होते आणि तत्कालीन महाविद्यालयीन शिक्षणाविषयी त्यांचे मत प्रतिकूल होते. गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरील दप्तरे चाळून त्यांनी जे मिळविले, ते कोणत्याही पत्रिकेत नव्हते. त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना मात्र दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. कागद जसाच्या तसा, स्थळकाळाच्या निर्देशासह छापण्याची त्यांची शिस्त आजही आदर्श आहे. उलट प्रस्तावनांतील वंश व वर्ण ह्यांविषयीचे त्यांचे अनेक निष्कर्ष आता ग्राह्य मानले जात नाहीत. पदवीच्या वर्गात राजवाडे शिकविले जातात ते प्रायः चरित्र व ग्रंथयादी ह्या रूपाने. त्यांनी छापलेले एखादे पत्र विद्यार्थ्यापुढे ठेवून त्याचा काळ, लेखक, हेतू व विश्वसनीयता तपासावयास लावल्यास इतिहासलेखनशास्त्राची निम्मी पत्रिका त्यातच शिकवून होते.

पुरातत्त्वीय साधने : तापी, गिरणा व पांझरा ह्यांच्या खोऱ्यांत प्रागैतिहासिक स्थळे पुष्कळ आहेत. चाळीसगावजवळील पाटणे येथे शं. अ. साळी ह्यांनी १९७० नंतरच्या दशकात केलेल्या उत्खननात उत्तर पुराणाश्मयुगातील हत्यारांबरोबर शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी व कोरीव तुकडा मिळाला. त्याचा काळ सु. २५,००० वर्षांपूर्वीचा मानतात. तापी-गोमाई संगमावरील प्रकाशे (आता नंदुरबार जिल्हा) येथे बा. कृ. थापर ह्यांनी, तर गिरणाकाठच्या बहाळ व टेकवाडे येथे म. न. देशपांडे ह्यांनी १९५० नंतरच्या दशकात उत्खनने केली. तापीकाठच्या सावळदे ह्या गावावरून एका ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीस नाव मिळाले असून धुळे जिल्ह्यातील कवठे येथील उत्खननाने तिच्या वसाहतीचे स्वरूप स्पष्ट झाले. हडप्पा व मोहें-जो-दडो ह्यांवर टिपणे लिहिणाऱ्या सावळद्याच्या शेजारगावच्या विद्यार्थ्यास हे नाव ठाऊक नसते, हा अनुभव दुर्मीळ नाही.

कोरीव लेख : पाटणे येथील शिलालेख (शके ११२८) हा पदवीच्या विद्यार्थ्यासाठी जणू मुद्दाम तयार केलेला पाठ आहे. भाऊ दाजी लाड ह्यांनी एकोणिसाव्या शतकात तो प्रथम उजेडात आणला. यादव राजा सिंघण ह्याचा ज्योतिषी चांगदेव ह्याने आपला आजा भास्कराचार्य ह्याच्या सिद्धांतशिरोमणि व इतर ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापन केल्याचे त्यात म्हटले असून निकुंभ घराण्यातील सोइदेव व हेमाडिदेव ह्या मांडलिकांचा निर्देश आहे. लेखाचा प्रारंभीचा भाग संस्कृत, तर देणग्यांचा तपशील देणारा अखेरचा भाग तत्कालीन देशभाषेत, म्हणजे जुन्या मराठीत आहे. राजवंश, शास्त्राध्ययनाची व्यवस्था, ग्रामीण व्यापारावरील देणी आणि भाषेचा विकास असे चार विषय एकाच दगडावर मिळतात. वंशप्रशस्ती संस्कृतात आणि ज्यांनी देणे द्यावयाचे त्यांना कळावा तो मजकूर लोकभाषेत, ह्या विभागणीतून त्या समाजाविषयी किती सांगितले जाते, ह्याची चर्चा वर्गात सहज होऊ शकते.

निष्कर्ष बदलतो कसा, ह्याचेही उदाहरण खानदेशातच आहे. शिरपूर व अन्यत्र मिळालेल्या काही ताम्रपटांत वल्खा येथून दाने देणाऱ्या महाराज रुद्रदास, स्वामिदास, भुलुंड अशा राजांची नावे येतात. ⇨वासुदेव विष्णु मिराशी ह्यांनी वल्खा म्हणजे चाळीसगावजवळील वाघळी असे मत मांडले व ह्या राजांना खानदेशचे राजे मानले. १९८२ मध्ये मध्य प्रदेशातील बाघजवळ ह्याच राजांच्या सत्तावीस ताम्रपटांचा संच सापडला आणि वल्खाचे स्थान त्या परिसरात, नर्मदेच्या उत्तरेस मानले जाऊ लागले. मिराशींची विद्वत्ता ह्यामुळे उणी ठरत नाही. उपलब्ध पुराव्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष नव्या पुराव्याने मागे पडला, इतकेच. पाठ्यपुस्तकातील विधान अंतिम समजणाऱ्या विद्यार्थ्यास हा बदल पायरीपायरीने दाखविणे उपयुक्त ठरते. वाघळीचे महत्त्वही त्यामुळे संपत नाही. तेथील शके ९९१ चा शिलालेख यादवांच्या प्रारंभीच्या इतिहासासाठी मोलाचा आहे.

मध्ययुग : ⇨फारूकी घराण्याने चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून १६०१ पर्यंत खानदेशावर राज्य केले. त्याचे पहिले ठाणे थाळनेर (शिरपूर तालुका) हे होते. तेथील घुमटाकार थडगी अद्याप उभी आहेत. नंतरची राजधानी बुऱ्हाणपूर व बळकट असीरगड आता मध्य प्रदेशात आहेत. जिल्ह्याच्या व राज्याच्या सीमा अभ्यासाच्या सीमा झाल्याने दोनशे वर्षांच्या ह्या सत्तेला महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमात एखादा परिच्छेद मिळतो. खानदेश ह्या नावाची व्युत्पत्तीही वादग्रस्त आहे. कोणी ती फारूकी राजांच्या खान ह्या पदवीशी, तर कोणी सेउणदेश वा कान्हदेश ह्या जुन्या नावांशी जोडतात. फारूकींच्या इतिहासाचे एक मुख्य साधन म्हणजे फिरिश्ता ह्याचा फार्सी ग्रंथ. तो इंग्रजीत आणणारा जॉन ब्रिग्झ हा १८१८ नंतर खानदेशचा पहिला इंग्रज राजकीय अधिकारी होता. म्हणजे ज्याने हा मुलूख ताब्यात घेऊन त्याची घडी बसविली, त्याच्याच भाषांतरातून येथील विद्यार्थी आपल्या मध्ययुगाकडे पाहतो. हा योगायोग वर्गात अवश्य सांगण्याजोगा आहे.

मराठेशाहीच्या काळासाठी पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तरात खानदेशविषयक कागद आहेत. ते मोडीत आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शालेय शिक्षणातून व सरकारी व्यवहारातून गेली आणि पदवीच्या नियमित अभ्यासक्रमात तिला स्थिर स्थान मिळाले नाही. परिणामी स्वतःच्या पणजोबाचे खरेदीखत वाचू न शकणारा इतिहासाचा पदवीधर ही सर्वसाधारण गोष्ट झाली. काही आठवड्यांच्या वर्गाने लिपीची ओळख होते, पण सरावाचे वाचन एक-दोन वर्षे चालल्याखेरीज दप्तर उलगडत नाही.

इंग्रजी दप्तर व भिल्लांचा प्रश्न : एकोणिसाव्या शतकाच्या इतिहासासाठी सर्वांत सुलभ साधन म्हणजे जेम्स कँबेल ह्यांनी संपादिलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअर-मालेतील खानदेशचा बारावा खंड (१८८०). पिके, जाती, रस्ते, बाजार, गावे ह्यांचा एवढा तपशील अन्यत्र एकत्र सापडत नाही. म्हणूनच त्यातील विधाने पुराव्याऐवजी निर्णय म्हणून उचलली जातात. ह्याचा सर्वाधिक परिणाम भिल्ल समाजाच्या इतिहासावर झाला आहे.

कंपनी सरकारच्या कागदांत सातपुडा व सातमाळ्यातील भिल्ल येतात ते मुख्यतः लुटारू, बंडखोर किंवा शरण आलेले म्हणून. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम ह्याने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारली, ही गोष्ट रानटी लोकांना माणसाळविल्याची कथा म्हणून सांगितली गेली. ते कागद लिहिणारे अधिकारी महसूल व शांतता ह्यांसाठी उत्तरदायी होते. घाटवाटांची रखवाली व गावांकडून मिळणारे परंपरागत हक्क हिरावल्यावर काय उरले, हे नोंदविणे त्यांचे काम नव्हते. त्याच कागदांचे बारकाईने वाचन केल्यास हे हक्क, त्यांवरील तक्रारी, दिलेली व मोडलेली वचने दिसू लागतात. १८५७ मध्ये उठलेला खाज्या नाईक हा सेंधवा घाटाच्या रखवालीचे सरकारी काम केलेला माणूस होता. एप्रिल १८५८ मध्ये सातपुड्यातील आंबापाणी येथे भिल्लांची इंग्रज फौजेशी लढाई झाली. १८५७ च्या उठावावरील उत्तरात दिल्ली, कानपूर व झाशी ह्यांचा क्रम ठरलेला असतो. आंबापाणीचा उल्लेख केल्यास गुण मिळतील की नाही, ह्याची विद्यार्थ्यास खात्री नसते.

हा केवळ समावेशाचा प्रश्न नाही. अक्राणी, तळोदे, साक्री वा चोपडे येथून आलेला आदिवासी विद्यार्थी जेव्हा गॅझेटिअरमध्ये आपल्या जमातीविषयी वाचतो, तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यातून स्वतःचे वर्णन ऐकण्याची पाळी त्याच्यावर येते. तो मजकूर गाळून टाकणे हा उपाय नव्हे. तो कोणी, कोणासाठी व कोणत्या हेतूने लिहिला, हे विचारावयास शिकविणे हा इतिहासशिक्षणाचा भाग आहे. जोडीस भिल्ली, पावरी व अहिराणी भाषांतील कथनांची नोंद घ्यावी लागते. मौखिक कथनालाही चिकित्सा लागू आहे. पिढ्यांच्या ओघात घटना एकमेकींत मिसळतात आणि कालनिर्देश हरवतात. पण लोकांनी काय लक्षात ठेवण्याजोगे मानले, हे त्यातून कळते आणि तेही इतिहासाचे साधन होय.

शेतकऱ्यांच्या बाबतीतही असेच घडते. १८५२ मध्ये नव्या जमीनमोजणीविरुद्ध सावदा-यावल भागातील रयतेने एकजुटीने विरोध केला. १८७५ च्या पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील दंग्यांना अभ्यासक्रमात स्थान आहे. त्यांच्या तेवीस वर्षे आधीच्या खानदेशातील ह्या घटनेस क्वचितच आढळते.

विसावे शतक : ह्या काळाची साधने अजून विखुरलेली आहेत. डिसेंबर १९३६ मधील फैजपूरचे काँग्रेस अधिवेशन हे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन म्हणून सर्वश्रुत आहे. १९३२ मध्ये धुळे तुरुंगात विनोबा भावे ह्यांनी दिलेली गीतेवरील प्रवचने ⇨साने गुरुजींनी उतरून घेतली. बोललेल्या शब्दाचा ग्रंथ कसा होतो, हे पाहण्यास हे उत्तम उदाहरण आहे. १९४४ मध्ये चिमठाणे येथे सरकारी खजिना लुटण्यात आला. त्याचे वृत्तांत सहभागी क्रांतिकारकांच्या आठवणींत एका प्रकारे व सरकारी कागदांत दुसऱ्या प्रकारे येतात.

ह्या सर्वांत एका छोट्या नोंदीकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. ऑक्टोबर १९२९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून धुळ्यास आले होते. परतताना ते चाळीसगावला उतरले. टांगेवाल्यांनी अस्पृश्याला नेण्यास नकार दिल्याने तेथील महारवाड्यातील एका अननुभवी माणसाने टांगा हाकला आणि पुलावर अपघात होऊन आंबेडकर जखमी झाले. हा प्रसंग त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवला. त्यात स्थळ, काळ, रेल्वेचा मार्ग, टांगेवाल्यांचे वर्तन व वस्तीतील लोकांचा संकोच असा सर्व तपशील आहे. सामाजिक सुधारणांच्या कायद्यांची यादी पाठ करण्यापेक्षा ह्या थोड्या पृष्ठांच्या वाचनाने अस्पृश्यतेचे दैनंदिन स्वरूप अधिक उमगते. चाळीसगाव स्थानकावरून रोज महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्यास तर स्थळही परिचित असते.

१९७० नंतरच्या दशकातील शहादे तालुक्यातील श्रमिक संघटनेचा भूमिहीनांचा लढा आणि सरदार सरोवरामुळे बाधित झालेली महाराष्ट्रातील तेहतीस गावे हे विषय आता इतिहासाच्या कक्षेत आले आहेत. त्यांचे साक्षीदार वृद्ध होत असल्याने मुलाखतींचे काम लांबणीवर टाकता येण्याजोगे नाही.

प्रकल्प व क्षेत्रकार्य : नव्या रचनेत क्षेत्रप्रकल्पास श्रेयांक दिलेले आहेत. त्याचा उपयोग किल्ल्यावरील सहलीचे वर्णन लिहिण्यापुरता झाल्यास काही साधत नाही. एका गावाच्या जुन्या दाखल्यांवरून पिकांतील बदल दाखविणे, गावच्या वीरगळांची व सतीशिळांची मापांसह नोंद करणे, एखाद्या जिनिंग कारखान्यातील निवृत्त कामगारांची कथने टिपणे किंवा १८९९-१९०० च्या दुष्काळाविषयी घराघरांत उरलेल्या आठवणी सरकारी अहवालांशी ताडून पाहणे, असे मर्यादित विषय पदवीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातील आहेत. ह्यांसाठी लागणारा खर्च अल्प असतो. लागतो तो शिक्षकाचा वेळ. रिक्त पदांमुळे व तासिका तत्त्वावरील नेमणुकांमुळे अनेक विभागांत त्याचीच वाण आहे. असे झालेले प्रकल्पही मूल्यमापनानंतर बहुधा कपाटात वा रद्दीत जातात. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गाववार लावून त्यांची एक प्रत ठेवल्यास पुढील वर्षीच्या विद्यार्थ्यास आरंभबिंदू मिळतो आणि दहा वर्षांत एका तालुक्याच्या इतिहासाची कच्ची सामग्री तयार होते.